गाळलेला तास

"एक मिनिट वाया जाऊ देल्ला नाही म्या," अब्दुल सत्तार म्हणाला, आणि नसीमबानोच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

हे वाक्य नवं होतं. बाकीची गोष्ट तिला तोंडपाठ झाली होती. गाडी कशी मिळाली, अकोल्याच्या डॉक्टरनं मेंदूचा फोटो बघून कसे हात टेकले, मूर्तिजापूरजवळ रस्ता खणून ठेवलेला तेव्हा अब्दुल सत्तारनं खाली उतरून ट्रकवाल्यांना कसं बाजूला काढलं, आणि अमरावतीच्या डॉक्टरांनी मांडीतून तार घालून थेट डोक्यातली गुठळी कशी ओढून आणली. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तेव्हापासून जठारपेठेतल्या त्यांच्या पुढच्या खोलीत जो कोणी तिची तब्येत विचारायला येई त्याला चहाच्या आधी ती ऐकावी लागे. सांगताना अब्दुल सत्तार मांडी बदलायचा, आवाज खाली आणायचा, गुठळी किती होती ते करंगळीच्या पेरावर दाखवायचा. आज शेजारचे किराणावाले महादेवराव आले होते. त्यांनी ते पेर बघून च्च च्च केलं आणि नसीमबानोकडे वळून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून म्हणाले, "भाभी, नशीब लागते असा नवरा भेटाले!"

नसीमबानो हसली. हसायचं तिच्या मनात नव्हतं. नाकातून आवाज निघाला एवढंच. महादेवराव खूष झाले. "हासल्या पाहा! समजते त्यायले सगळं."

सगळं समजत होतं. तोच तर घोळ होता. समजायचं कोणत्याही भाषेत, निघायचं एकाच. घरातली उर्दू, आईच्या दुधाबरोबर आलेली, जिच्यात तिनं पोरं वाढवली, नवऱ्याला टोमणे मारले, मेलेल्यांसाठी रडली, ती त्या दिवशी गेली ती आलीच नाही. राहिली ती वऱ्हाडी. बाप मणियार, धारणीच्या बाजारात बांगड्यांची पेटी घेऊन बसायचा आणि ती लहानपणी त्याच्या बाजूला. हात पकडून बांगडी चढवता चढवता गिऱ्हाइकाशी बोलायची ती बोली. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?" तेव्हा ती पटकन म्हणाली, "नसीमबानो. पानी दे व बाई." तारेबरोबर अडकलेला शब्द सुटला म्हणून डॉक्टरांनी टेबलावर टिचकी मारली. त्यांनी तिला हात वर करायला सांगितला, तिनं केला. पाय उचलायला सांगितला, उचलला. मग अब्दुल सत्तारला आत बोलावलं. तो वाकून म्हणाला, "नसीम, पहचाना मुझे?" आणि ती म्हणाली, "वळखलं ना. काहून नाही वळखणार?" तो आधी हसला. त्याला वाटलं, बाई मस्करी करते. दुसऱ्या दिवशी हसला नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर जाऊन डॉक्टरांना विचारून आला, आणि परत येऊन तिच्याकडे असं बघत राहिला, जसं काही चुकून दुसऱ्याच कुणाची बायको त्याच्या पदरात घातली होती.

घरी आल्यावर तिला कळलं की माणूस वाचतो म्हणजे नक्की किती वाचतो हे कुणी विचारत नाही. चालते का, चालते. जेवते का, जेवते. मग झालं. सून नगमा बुऱ्हाणपूरची, मराठी तिला धड समजत नसे. पहिले काही दिवस तिनं सासूच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधले, मग तेही सोडून दिलं आणि तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलू लागली. "इनको चाय दे दो." "इनका दुपट्टा सीधा करो." इनको, इनका. नात अलीझा शाळेतून मराठीची कविता शिकून आली की मात्र दादीकडे धावायची, आणि मैत्रिणींना सांगायची, हमारी दादी हिंदू हो गई. पोरगी बिचारी कौतुकानं सांगायची. नसीमबानोनं ते पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री तिला झोप लागली नव्हती. नमाजातले शब्द होते, ते लहानपणापासून घोटलेले, आपोआप यायचे. पण नमाजानंतर हात पसरून आपलं स्वतःचं काही मागायची वेळ आली की जीभ थबकायची. शेवटी ती मनातल्या मनात म्हणायची, "देवा... अल्ला, मले माही बोली दे वापस." आणि आपण भलत्याच घराच्या दारात उभं राहून तिसऱ्याच्याच नावानं हाका मारतोय असं तिला वाटे. तो ऐकत असेलही. त्याला सगळ्या भाषा येतात म्हणतात. पण तिला त्या बोलीची लाज वाटे, आणि लाजेचा पुन्हा राग येई.

राग हा एक होता जो पूर्वीपेक्षा जास्त होता. बाकी सगळं कमी झालेलं. दुपार झाली की डोकं मंद व्हायचं, उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या आधी बल्ब पिवळा पडत जातो तसं, आणि मग वऱ्हाडीसुद्धा तुटक यायची. उजव्या हाताची बोटं हलत, मूठ वळत, डॉक्टरांच्या लेखी हात शंभर टक्के. पण बोटांच्या टोकांना पोत कळत नव्हता. बांगडी चढवणं हे डोळ्यांचं काम नाही. बाईचा अंगठा आत घ्यायचा, पंजा होडीसारखा दुमडायचा, आणि मग हाड कुठं नमतं ते दाबून दाबून शोधायचं. कच्च्या काचेला आणि बाईला, दोघींनाही दुखता कामा नये. एकदा, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, ती दुकानात बसली. माणिकबाई आल्या होत्या, मळ्यातली वांगी-टमाटे विकून झाल्यावर दरवर्षी येत तशा. तीस वर्षं ती तो हात ओळखत होती. पाचवी बांगडी त्या हातात फुटली आणि रक्त आलं. माणिकबाई म्हणाल्या, "होते व कधी कधी," आणि पदरानं हात झाकून घेतला. झाकला, म्हणून ते जास्त लागलं. त्या दोन-तीन वर्षांत माणिकबाईसारख्यांशिवाय फारसं कुणी येतही नव्हतं. खेड्यांतल्या बायका प्लॅस्टिकच्या बांगड्या घालू लागल्या होत्या, आणि ज्यांच्या हातात वैशाखात हिरवा चुडा भरला त्यांच्यातल्या दोघी-तिघींचे हात दिवाळीला रिकामे झाल्याचं तिनं दुकानात बसूनच ऐकलं होतं. तेव्हा तिला वाटायचं, आपण भरतो आणि कुणीतरी मागून फोडत येतं.

लकवा आला त्या सकाळचं भांडण दुकानावरूनच होतं. अब्दुल सत्तारचं म्हणणं, बांगड्यांत आता काही राहिलं नाही, गाळा मोबाइलवाल्याला देऊ. गाळा तिच्या बापानं दिलेला. ती म्हणाली, "मेरे बाप का है, तेरे बाप का नहीं." तो काही तरी बोलला, ती त्याहून वाईट बोलली, आणि मग ती गप्प झाली. नसीमबानोचा अबोला खानदानात मशहूर होता. एकदा अख्खा शाबान महिना ती नवऱ्याशी बोलली नव्हती. रमजानचा चांद दिसला तेव्हा नाइलाजानं "मुबारक" म्हणाली, तेही भिंतीकडे बघून. त्या सकाळीही तिनं तोंड मिटलं, तखतावर भिंतीला टेकून बसली आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. डाळ कुकरमध्ये होती. पहिली शिट्टी झाली. तिला वाटलं उठावं. उठणं झालं नाही. उजवा हात मांडीवर पडला होता, आणि तो कुणाचा आहे हे तिला काही क्षण कळेना. कुणी पाहुणा आपला हात विसरून गेला असावा असा. तिनं हाक मारायची ठरवलं. हाक ठरली, पण तिचा शब्द कुठं ठेवला होता ते आठवेना. तिचा अबोला कुठं संपला आणि तो दुसरा कुठं सुरू झाला, हे तिला आजही सांगता येत नव्हतं. दोन्हींच्या मध्ये दार नव्हतं, उंबरठा नव्हता.

अब्दुल सत्तार टोपी घालत दारात उभा राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं सगळी ताकद डोळ्यांत आणून त्याच्याकडे पाहिलं. "लग गई चुप?" तो म्हणाला. "अच्छा है. घर में सुकून रहेगा." आणि कडी वाजवून निघून गेला. नगमा अलीझाला घेऊन माहेरी गेलेली, मुलगा मोहसीन नाशिकला नोकरीवर. कुकर ओरडत राहिला. पुढं शिट्ट्या थांबल्या आणि वास सुरू झाला. आधी शिजल्याचा, मग लागल्याचा, मग जळल्याचा. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, कुणाच्या तरी टीव्हीवर कुणीतरी हसलं. ती तखतावर कलती होत गेली आणि गाल चादरीला टेकला तेव्हा चादरीचा साबणाचा वास आणि डाळीचा वास एकात एक मिसळले. भीती नव्हती वाटत. वाट पाहणं होतं नुसतं. तासभर गेला असेल. घड्याळ तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. मग कडी वाजली आणि तो आत येऊन आधी स्वयंपाकघरात गेला, गॅस बंद केला, आणि तिथूनच ओरडला, "नाराज है तो क्या घर जला देगी?" नंतर तो पुढच्या खोलीत आला आणि त्यानं तिचं तोंड बघितलं.

त्यानंतर त्यानं एक मिनिट वाया जाऊ दिलं नाही, हे खरं होतं. तो अनवाणी धावला. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्ताभर कुराणातली आयतल कुर्सी पढत राहिला. आजही तो रोज सकाळी कोमट तेल घेऊन तिची बोटं एकेक करून चोळायचा, आणि त्याचं डोकं वाकलेलं असताना ती त्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहायची आणि तिचा राग इतका वाढायचा की बोटं आपोआप आखडायची. "ढीली छोड," तो म्हणायचा. तिनं सांगून बघितलं नव्हतं असं नाही. फोनवर मोहसीनला सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, डॉक्टर बोले थे, उस टाइम का दिमाग में गड्डमड्ड हो जाता है." नवऱ्याला सांगितलं, एकदाच, तेल लावतानाच. "तू गेल्ता. मले पाहून गेल्ता." तो चोळायचा थांबला, मग पुन्हा चोळू लागला. "भास है तेरा," तो म्हणाला. म्हणजे जो आजार त्या तासात वाढला, त्या आजारानंच तिची साक्षही खोटी ठरवली. आणि आता तर त्या तासाची जागाच उरली नव्हती. एक मिनिट वाया गेलं नाही म्हटल्यावर तास बसणार कुठं?

पुढच्या आठवड्यात अमरावतीहून फोन आला. दवाखान्यात मेळावा होता, लकव्यातून बऱ्या झालेल्यांचा. त्यांनी दोघांनी यावं. अब्दुल सत्तारनं शेरवानी बाहेर काढली, इस्त्री करून आणली. दवाखान्याचा हॉल खचाखच भरला होता. मागं पडद्यावर मेंदूचं चित्र, त्यात तांबड्या नळ्या. एकेक पेशंटचं नाव पुकारत, तो स्टेजच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायचा, लोक टाळ्या वाजवायचे. नसीमबानोला बैलांच्या बाजाराची आठवण झाली. तिथंही चालवून दाखवतात. चालताना तिनं मुद्दाम पाय घसटला नाही आणि मुद्दाम नीटही टाकला नाही. शाल मिळाली, नारळ मिळाला. तिच्या बाजूच्या खुर्चीवर मेळघाटातला एक वाकड्या तोंडाचा म्हातारा होता, पुंजाराम नावाचा. लकवा आला त्या दिवशी त्याला तिथवर यायला जीपमध्येच अर्धा दिवस गेला होता म्हणे, त्यामुळं गुठळी निघाली पण हात नाही निघाला. तरी त्याला बोलावलं होतं. तो शाल मांडीवर घडी करून बसला होता.

मग अब्दुल सत्तारच्या हाती माइक आला. इथं गोष्टीला जास्त जागा होती. ट्रकवाले वाढले, रस्ता जास्त खणला गेला. डॉक्टर मान डोलवत होते. "साहेबांनी सांगितलं, वेळ म्हणजेच मेंदू," अब्दुल सत्तार म्हणाला, जरा शुद्ध मराठीत, "आन् मी देवाची शपथ घेऊन सांगतो, तोंड वाकडं दिसल्याबरोबर मी एक मिनिट..." नसीमबानोनं त्याच्या पाठीमागून हात पुढं केला. सूत्रसंचालन करणारी मुलगी हरखली. "मावशींना बोलायचंय! बोला मावशी, दोन शब्द."

माइक जड होता. दुपार झाली होती, बल्ब पिवळा पडायला लागला होता, आणि तिला माहीत होतं, शब्द फार नाहीत, असतील तेवढे आत्ताच.

"हा लबाड बोलून राह्यला," ती म्हणाली. आवाज हॉलभर घुमला, तिचा तिलाच परका. "मी पडेल होती. यानं मले पाह्यलं. पाहून हा निंघून गेला. डाळ जळली. लय वेळ गेला. मंग आला." ती थांबली. अजून एक होतं, तळाशी. "तेवढ्या वेळात माही बोली मेली."

मग मुलगी म्हणाली, "किती स्पष्ट! किती सुंदर बोलल्या!" आणि टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टर उठून उभे राहिले, त्यांच्यामागून पुढची रांग, त्यांच्यामागून सगळे. एक बाई डोळे पुसत होती. नसीमबानो माइक धरून उभी होती आणि टाळ्या थांबत नव्हत्या. ती जे बोलली ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, ती बोलते आहे एवढंच ऐकलं होतं. तोंड उघडलं, आवाज आला, उपचार यशस्वी. एकटा पुंजाराम टाळ्या वाजवत नव्हता. एका हातानं वाजत नाहीत म्हणून असेल. पण तो तिच्याकडेही बघत नव्हता. तो अब्दुल सत्तारकडे बघत होता, आणि अब्दुल सत्तार खाली, स्वतःच्या बुटांकडे.

परतीच्या एसटीत दोघं पुढच्या बाजूला बसले. ती खिडकीशी. बडनेरा मागं पडलं. शेतं दोन्हीकडे होती, कुठं कपाशीची वाळली पऱ्हाटी अजून उपटलेली नव्हती, तिच्यात शेळ्या शिरल्या होत्या. मग समोर बघतच तो म्हणाला, "हो गया? दिल भर गया?"

"नाही," ती म्हणाली.

"मैं चाय पीने गया था. हाँ. गया था." तो हळू बोलत होता, पण शब्द दाबून. "मेरे को क्या मालूम? तीस बरस में आधे दिन तो तू चुप रही. तेरी चुप से डर के मैंने बाहर जाना सीखा. ये वाली चुप अलग है, ये मेरे को कैसे समझता? बोल. तू ही बता, कैसे समझता?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर ती याचीच वाट बघत होती. त्यानं कबूल करावं, आणि मग आपण त्याच्या तोंडावर काही तरी फेकावं. पण त्यानं कबुलीच्या आत सुरी ठेवून दिली होती. तो खरं बोलत होता. तो खोटं बोलत राहिला असता तर बरं झालं असतं. तीस वर्षं तिनं त्याला शिकवलं होतं की माझ्या गप्प बसण्याकडे लक्ष देऊ नकोस, लक्ष दिलंस तर हरलास. आणि ज्या दिवशी त्यानं पाठ केलेलं बरोबर म्हणून दाखवलं त्या दिवशी ती तखतावर कलंडत होती. हे खरं होतं म्हणून तिला ते सहन होईना. तिच्या मराठीतले सगळे शब्द समोर येऊन उभे राहिले, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून गुळगुळीत झालेले. बाई, ताई, बसा, दुखते का व. त्यांच्यातला एकही या माणसाच्या अंगावर टाकण्याजोगा नव्हता. तिनं खिडकीचा दांडा पकडला.

"मुए," ती म्हणाली.

अब्दुल सत्तारनं मान वळवली. तिनंही जिभेवर ते चाचपून बघितलं. शब्द तिचा होता. आईचा होता, धारणीत बाप पेटी उघडी टाकून गप्पांत रमला की आई ज्या शब्दानं त्याला हलवायची, तोच.

"फिर बोल," अब्दुल सत्तार म्हणाला.

"मुए. निगोडे." दुसरा पहिल्याला धरून आला. "नासपीटे. खाक पडे..." चौथ्याला दम लागला, ती थांबली, श्वास घेतला. "तेरे मुँह में खाक पडे." माया नव्हती त्यात, माफी तर नव्हतीच. पाणी दे, पास बैठ, कैसा है, असलं काहीही आलं नाही; फक्त शिव्या येत होत्या, गंजलेल्या, एकामागून एक. आणि अब्दुल सत्तार शेरवानीची बटणं लावलेली तशीच ठेवून ताठ बसून होता. त्याच्या गालावरून पाणी दाढीत उतरत होतं. ते तो पुसत नव्हता, आणि ती थांबली की तेवढंच म्हणत होता, "और?"

कंडक्टरनं मागं वळून बघितलं. पलीकडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला राहवलं नाही. "बाई, भर गाडीत माणसाले असं बोलू नये व," ती म्हणाली. "पाह्य बरं, रडून राह्यला तो."

नसीमबानो तिच्याकडे वळली. "तुले काय करा लागते?" ती खणखणीत वऱ्हाडीत म्हणाली. "माहा माणूस आहे."

आणि पुढची शिवी शोधायला ती पुन्हा नवऱ्याकडे वळली.